कासच्या पठारावर सीतेची आसवं
सध्या साताऱ्याजवळ एका आर्टिस्ट रेसिडेन्सीत आहे आणि ब्रशपेक्षा कॅमेराच जास्त हातात असतो, कारण सप्टेंबरात कासचं पठार इतकं जवळ असताना खोलीत बसवतच नाही. सीतेची आसवं तर बघतच राहावी अशी! एवढंसं जांभळं फूल, पण झाड मांसाहारी बरं का, खाली ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतं. कडक उन्हात फोटोत रंग फिका पडतो, ढग आले की मस्त उठतो, फक्त वारा थांबायला हवा. कातळावर माती जेमतेम, त्यामुळे फुलांत पाय टाकायचाच नाही, वाटेवरूनच टेली लेन्स लावते आणि मागे गेंदाच्या पांढऱ्या फुलांचे ठिपके ब्लर होतात ना, ते मला फार आवडतं.