पवनेच्या पाण्यापासून पद्मदुर्गापर्यंत

लांब, अरुंद सी कयाक, म्हणजे समुद्रात फिरायची वल्ह्याची होडी, पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच आवडत नाही. त्या पाच मिनिटांवर तिचा निकाल लावू नका, असं आमच्या गटात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी सांगते.

पुण्यात कयाक म्हटलं की सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे नदीवरचा होड्यांचा उत्सव, आठवते, नाहीतर पवना धरणाच्या काठावर तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या, वर बसायच्या रुंद प्लास्टिकच्या होड्या. टूरिंगची सी कयाक या दोन्हींपेक्षा वेगळी. गटातल्या एका दादाची कयाक मी गेल्या हिवाळ्यापासून वापरून बघतेय. लांबी १६ फूट, रुंदी जेमतेम ५६ सेंटिमीटर. कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोबणीत, पाय लांब करून बसायचं, मांड्या वरच्या कडेला आतून टेकवायच्या, पावलं आतल्या पेगवर, म्हणजे पायाच्या आधारावर, रोवायची. पुढे आणि मागे आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, आणि त्यांच्यापलीकडे झाकणाचे बंद कप्पे. होडी उलटली तरी या कप्प्यांतली हवा तिला बुडू देत नाही. तंबू, शिधा, पाण्याच्या बाटल्याही तिथेच जातात. सॅक भरायची सवय असलेल्या ट्रेकरला हे काम शिकवावं लागत नाही: जड सामान खाली आणि मध्याजवळ, डावं-उजवं वजन सारखं.

सरावाला आम्ही पवनेला जातो. पहाटे कोथरूडहून निघायचं, पौडला चहा, मग कोळवण, हडशी करत तिकोना पेठ. सकाळी पाणी अगदी शांत असतं. तुंग समोर, तिकोना पाठीशी, लोहगड जरा लांब. अशा पाण्यात सगळ्यांना रुंद होडीच बरी वाटते आणि ते साहजिक आहे. लांब कयाक जागच्या जागी उभी असताना डुचमळते. सायकलसारखी ती चालती ठेवली की स्थिर होते.

खरी परीक्षा दुपारी. उन्हाळ्यात जेवणं होईपर्यंत घाटाकडून पश्चिमेचा वारा चढतो आणि पाण्यावर छोट्या, आखूड लाटा उठतात. रुंद होडी लाटेच्या उताराबरोबर स्वतःही कलते आणि वरच्या माणसाला कलंडवते. अरुंद कयाक कंबरेखाली हलते, आपण मात्र वर सरळ राहतो. थोडी कलली की तिची गोलसर बाजू पाण्यावर टेकते आणि तिथे ती घट्ट धरून ठेवते. सकाळी जिला सगळे घाबरत होते ती होडी दुपारी मागून घ्यायला रांग लागते. म्हणून होडी पारखायची तर गटाबरोबर जावं. एकाच वाऱ्यात, एकाच पाण्यात चार होड्या बदलून बघता येतात. दुकानात बसून बघितलेल्या होडीतून यातलं काही कळत नाही.

वाऱ्याची आणखी एक गंमत पवनेलाच कळली. वारा बाजूने आला की कयाकचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. पुढे जाताना नाकाशी पाणी दाबून धरलेलं असतं, शेपूट त्या मानाने मोकळी, म्हणून वारा शेपटीला ढकलतो. दर चार वल्ह्यांनी एक जोरदार वल्हं एकाच बाजूला मारत राहिलं तर तासाभरात खांदा भरून येतो. त्यासाठी मागे तळातून खाली सोडायचं एक पातं असतं, स्केग. ते थोडं सोडलं की शेपूट धरली जाते आणि होडी सरळ चालते. किती सोडायचं ते हाताला हळूहळू कळतं.

उलटल्यावर परत चढायचा सराव झाल्याशिवाय आमच्याकडे कुणालाही मोठ्या पाण्यात नेत नाहीत, आणि हा नियम मला मनापासून पटतो. स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती घालून कॉकपिटचं तोंड झाकणाऱ्या कापडाची, पट्टी ओढायची, बाहेर यायचं, होडी सोडायची नाही. सोबती आपली कयाक आडवी लावतो, उलट्या होडीचं नाक आपल्या डेकवर ओढून घेतो, पाणी निथळलं की ती सुलटी करून शेजारी घट्ट धरतो, आणि मग पाण्यातला माणूस पोटावरून सरपटत आत. एकट्याने हेच करायचं तर भल्याभल्यांचा दम निघतो. सराव काठाजवळ, लाइफ जॅकेट घालूनच.

मग मुरुड. ताम्हिणी उतरून, माणगाववरून. अष्टमीच्या आसपासचा दिवस मुद्दाम धरला होता, कारण भांगाच्या भरतीला पाण्याची ओढ कमी असते. सागरी पोलिसांना कळवलं होतं, सोबत एका कोळी काकांची यांत्रिक होडी. सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. जाताना तो पाठीवर घेऊन बरं वाटतं, पण तोच आपल्याला बाहेरही नेत असतो, हे विसरून चालत नाही. काकांनी निघतानाच बजावलं, "खारा सुटायच्या आत वळायचं, काय?" खारा म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा.

वाळूतून होड्या ढकलताना माझ्या स्केगच्या खाचेत खडे अडकले आणि पातं खाली येईना. मागच्या ताईने तिच्या होडीतूनच पात्याला बांधलेली छोटी दोरी ओढली आणि काम झालं. ही वीतभर दोरी आता गटातल्या प्रत्येक स्केगला आहे.

पद्मदुर्गाला आम्ही उतरलो नाही, लांबून वळसा घातला. शिवरायांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला कांसा खडकावर बांधलेला हा किल्ला पाण्याच्या पातळीवरून बघण्यासारखा आहे. खाऱ्या पाण्याने दगड झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र जाळीसारखा बाहेर उभा आहे. बुरुजावर कमळाच्या पाकळ्या. काकांनी त्यांच्या होडीतून ओरडून शिवकाळातल्या लाय पाटील या कोळी दर्यावर्दींची गोष्ट सांगितली: महाराजांनी पालखीचा मान दिला, तर हे म्हणाले, दर्यावरच्या माणसाला पालखी कशाला? मग महाराजांनी त्यांना 'पालखी' नावाचं गलबत दिलं. काकांचा ऊर भरून आला होता, आमचाही.

मोकळ्या समुद्राच्या बाजूला लाटा खडकावर आपटून परत येतात आणि येणाऱ्या लाटांत मिसळतात. पाणी खालून कुठूनही वर उचलतं. तिथे वल्हं थांबवायचं नाही, कंबर सैल ठेवायची. पुढे म्होरक्या, मागे एक अनुभवी माणूस, शिट्टी ऐकू जाईल एवढंच अंतर. पवनेच्या दुपारी मुरलेली ती १६ फुटी कयाक इथे इतकी निवांत चालली की मला तिच्याबद्दल आदरच वाटला.

आता स्वतःची घ्यायची आहे. फायबरग्लासची हलकी आणि चपळ, पण कोकणातले कातळ आणि त्यांवरचे कालवांचे शिंपले बघता मी प्लास्टिकचीच घेईन. वजन २५ ते ३० किलो, म्हणजे उचलायला दोघं लागतात; गट असल्यावर तीही अडचण नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढी लांब होडी राहणार नाही, तर पौडजवळ एका मैत्रिणीच्या शेतावरच्या शेडमध्ये जागा ठरली आहे. पवना तिथून जवळच.