जेरी गार्सिया, ऑर्केस्ट्रा आणि मधल्या मोकळ्या जागा

ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड, जेरी गार्सिया त्याचा गिटारवादक-गायक. पण ग्रेटफुल डेड म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना कवटीवाले टी-शर्ट आठवतात, गाणी नाही. मीपण डेन्वरला येईपर्यंत त्यातलाच. इथे ऑफिसातल्या एका पक्क्या डेडहेडने, म्हणजे डेडच्या कट्टर चाहत्याने, मला नादी लावलं आणि 2013 च्या उन्हाळ्यात जवळच्या रेड रॉक्स या खुल्या रंगमंचावर घेऊन गेला. गार्सियाची गाणी, समोर कोलोरॅडो सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा आणि गिटारवर वॉरन हेन्स. हेन्स म्हणजे ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडवाला, गार्सिया गेल्यावर डेडच्या उरलेल्या मंडळींबरोबर वाजवलेला, त्यामुळे माणूस घरचाच.

खरं सांगायचं तर मला शंका होती. गार्सिया 1995 साली गेला, 9 ऑगस्टला, वय फक्त 53. लहानपणी लाकडं फोडताना भावाच्या कुऱ्हाडीखाली उजव्या हाताचं मधलं बोट तुटलेलं, तरी हा बाबा आधी बँजो आणि मग गिटार वाजवत राहिला. बँडने तीस वर्षांत दोन हजारांच्या वर कार्यक्रम केले आणि एक गाणं दोनदा सारखं वाजवलं नाही, म्हणून तर लोक माईक घेऊन यायचे आणि हे त्यांना खुशाल रेकॉर्ड करू द्यायचे, 1984 पासून तर टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. आता अशा माणसाला मानवंदना द्यायला साठ-सत्तर वादक, प्रत्येकासमोर छापील कागद, म्हणजे काय होणार? शिरा गार झाल्यावर वाढल्यासारखं.

पण अरेंजमेंट करणाऱ्यांनी डोकं वापरलं होतं. मधेमधे जागा मोकळ्या सोडलेल्या. तिथे व्हायोलिनवाले बो (गज) मांडीवर ठेवून गप्प बसायचे, बँड जॅम करत, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवत सुटायचा, हेन्सला वाटेल तेवढा वेळ, आणि कंडक्टर नुसता त्याच्याकडे बघत उभा. मग हेन्स मान हलवणार, कंडक्टरचा हात वर आणि सगळे बो एकदम तारांवर. मैफिलीत तबलजी समेची वाट बघतो ना, डिट्टो तेच. वारा सुटलेला, वादकांनी कागद चक्क कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेले, त्यातली एक व्हिओला वाजवणारी बाई बँडच्या जॅममध्ये पायाने ठेका धरून बसली होती, तिचा ठेका थांबला की समजायचं आता हिची पाळी आली.

सगळंच जमलं असं नाही हं. नाचायच्या गाण्यांमध्ये व्हायोलिन नुसती वर साय धरल्यासारखी, नसती तरी चाललं असतं. पण डेडचं 'टेरापिन स्टेशन' हे गाणं आलं आणि मी गप्प झालो. त्याची गंमत अशी की 1977 च्या अल्बममध्ये या गाण्याला ऑर्केस्ट्रा आहेच, पॉल बकमास्टरने केलेला, आणि तो घालताना निर्माता कीथ ओल्सनने ड्रमर मिकी हार्टचं वाजवलेलं काढून तिथे स्ट्रिंग्ज टाकल्या, हार्ट भडकला होता म्हणे. नंतर स्टेजवर डेड ते गाणं कायम ऑर्केस्ट्राशिवायच वाजवायचे. म्हणजे ते असं भरलेलं ऐकायला रेकॉर्ड सोडली तर दुसरी सोयच नव्हती. शेवटी जेव्हा ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, चढत गेलं तेव्हा आजूबाजूचे टाय-डायवाले पांढऱ्या दाढीचे बाबा सरळ रडत होते.

आता आपल्या कामाची गोष्ट. हाच मिकी हार्ट आपल्या अल्लारखाँसाहेबांकडे ताल शिकलेला, आणि सत्तरच्या दशकात सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेजात झाकीरभाई शिकवायचे, तिथल्या विद्यार्थ्यांतून डिगा ऱ्हिदम बँड उभा राहिला. 1976 चा 'डिगा' हा अल्बम त्यांचा. त्यात 'हॅपिनेस इज ड्रमिंग' नावाचा तुकडा आहे, गिटार गार्सियाची, आणि पुढे तीच चाल डेडचं 'फायर ऑन द माउंटन' झाली. माहीमचा पोरगा या सगळ्या गोतावळ्यात असा मधोमध बसलेला होता, आणि आपण शाळेत फक्त चहाची जाहिरात बघून 'वाह ताज' करत बसलो.

ऑर्केस्ट्रावाल्यांनी यात तबला का घेतला नाही हा माझा जुना राग आहे. घरी येताना गाडीत मित्राला तेच ऐकवलं, तो म्हणाला डिगा लाव मग, आणि लावलं.