आदरार्थी भांडण

शिव्या काढून टाकायला अक्कल लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. भाषेवर गप्पा मारायला जमलेल्या काही हजार माणसांच्या एका ऑनलाइन समूहाची राखण आम्ही तिघं गेली काही वर्षं करतोय. या काळात कुणाच्या शिवीमुळे माझी झोप उडाल्याचं आठवत नाही. शिवी दिसते, बोट जातं, शिवी जाते. देणाऱ्यालाही ती जाणार हे ठाऊक असतं. काहींना तर ती राहिली तरच चुकल्यासारखं होत असावं. माझी झोप उडवतो तो ‘आपण’.

म्हणजे सर्वनाम. तू, तुम्ही आणि आपण या आदराच्या चढत्या पायऱ्या आहेत, असं आपल्याला शाळेत सांगतात. भांडणात त्याच पायऱ्या तापमापकावरच्या रेघा होतात. दोन जण एकमेकांना ‘अरे, तू काहीही काय बोलतोस’ म्हणतायत तोवर मी निर्धास्त असतो. ‘तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही’ इथवरही काळजी नसते. पण कालपर्यंत ‘अहो, तुमचं आपलं काहीतरीच’ म्हणणारा माणूस आज ‘आपण आपल्या विद्वत्तेचे दर्शन घडविल्याबद्दल आभारी आहे’ असं लिहायला लागला, की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. मागोमाग ‘महोदय’ येतात. ‘नम्रपणे’ येतं. ‘या पामराचे अज्ञान दूर करावे’ अशी विनंती येते. आणखी एक खूण आहे, ती लक्षात यायला मला बरेच दिवस लागले. ‘केलं’, ‘सांगितलं’ लिहिणारा माणूस ‘केले’, ‘सांगितले’ लिहू लागतो. राग चढला की मराठी माणूस बोलीतून उठून प्रमाण भाषेत जाऊन बसतो, बाह्या खाली करून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून.

आता यातलं काढणार काय? ‘महोदय’ काढणार? ‘आभारी आहे’ काढणार? एकही शब्द आक्षेपार्ह नाही. सगळं मिळून मात्र कानाखाली वाजवल्यासारखं.

हे काम यंत्राला देऊन पाहिलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्यांनी (त्यांना आम्ही दोघं सर म्हणतो) अपशब्दांची एक यादी केली. यादीतला शब्द कुणी लिहिला की प्रतिसाद आपोआप अडकणार, मग आम्ही पाहून सोडणार. यादीत ‘गाढव’ होता. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी म्हणींवर चर्चा काढली आणि अडलेल्या हरीपासून सगळी गाढवं आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मी आणि ती, म्हणजे आमची तिसरी राखणदार, रात्री बसून एकेक गाढव हाताने आत सोडत होतो. अशी फजिती झालेले आम्ही पहिले नव्हेत, एवढंच समाधान. १९९६ साली इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या सेवेत नावनोंदणी करता येईना, कारण त्या गावाच्या इंग्रजी नावातली सलग चार अक्षरं यंत्राला अश्लील दिसली. यंत्र अक्षरं बघतं. आणि आमचा तो ‘महोदय’ तेवढ्यात टाय नीट करत यंत्रासमोरून आत गेलेला असतो.

खरी परीक्षा झाली ती ‘आणि’ या शब्दावर. एका नव्या सदस्याने अगदी साधा प्रश्न विचारला होता. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा असा नियम आहे, मग ‘आणि’ मधला ‘णि’ ऱ्हस्व का? पहिल्या दोन-तीन जणांनी नीट उत्तर दिलं: ‘आणि’ आणि ‘नि’ हे नियमातच नोंदवलेले अपवाद आहेत. खरं तर विषय तिथेच संपला होता. मग एकाने लिहिलं, ‘हे शाळेत शिकवतात.’ तीन शब्द. त्यावर दुसरा, ‘आपली शाळा कोणती, कळेल का?’ झालं. संध्याकाळपर्यंत दीडशे प्रतिसाद झाले होते आणि प्रश्न विचारणारा कधीच पळून गेला होता. कोण कुठे शिकलं, कुणाच्या जुन्या लेखात किती चुका होत्या, कुणी कुणाची बाजू कधीपासून घेतंय, सगळं उकरून झालं. ऱ्हस्व ‘णि’कडे कुणी वळूनही पाहत नव्हतं.

१९९० साली माइक गॉडविन या अमेरिकी वकिलाने एक गमतीदार नियम मांडला होता. ऑनलाइन वाद जसजसा लांबेल, तसतशी कुणीतरी कुणाची तरी हिटलरशी तुलना करण्याची शक्यता एकाच्या जवळ जाते, म्हणजे ते होणारच. मराठी वादात हिटलरच्या खूप आधी शुद्धलेखन येतं. मुद्दे संपले की समोरच्याची वेलांटी धरायची. आमच्या समूहाचं दुर्दैव असं की तिथे मुळात विषयच शुद्धलेखनाचा, त्यामुळे वाद जिथे जाऊन संपायचा तिथूनच सुरू होतो.

त्या रात्री मी ते दीडशे प्रतिसाद पहिल्यापासून वाचले. ‘हे शाळेत शिकवतात’ लिहिणाऱ्याला मी खासगीत विचारलं, की असं का लिहिलंत? तो गोंधळला. म्हणाला, ‘अहो, म्हणजे शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात मिळेल, एवढंच सांगायचं होतं.’ माझा त्याच्यावर विश्वास बसला. तेच तीन शब्द मनातल्या मनात मऊ आवाजात म्हणून पाहिले, तर खरोखरच मदत वाटत होती. कुत्सित आवाजात म्हटले, की शाळेचा पत्ता विचारावासा वाटत होता. आवाज लिहिणाऱ्याच्या कानात राहतो आणि वाचणारा त्याच्याकडचा स्वतःचा घालतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे मोजून दाखवलं. ईमेलने पाठवलेलं वाक्य गंभीर आहे की उपरोधिक, हे समोरच्याला किती वेळा बरोबर ओळखता येईल, असं त्यांनी पाठवणाऱ्यांना विचारलं. अंदाज आला सुमारे ७८ टक्के. प्रत्यक्षात ओळखता आलं ५६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती.

यावर उपाय शोधणारे फार आधीपासून आहेत. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी तिथल्या संगणकीय फलकावर सुचवलं, की विनोद असेल तिथे दोन ठिपके, एक रेघ आणि एक कंस काढावा. मान डावीकडे कलवली की हसरा चेहरा दिसतो. आपल्याकडे तो विसर्ग बघून दचकणारे एक गृहस्थ आमच्या समूहात होते, पण ते सोडा. आता तर पिवळ्या गोल चेहऱ्यांची जत्राच मिळते. पण भांडणात त्या चेहऱ्यांचंही ‘आपण’ होतं. वाक्याच्या शेवटी हात जोडलेले दिसले की तो नमस्कार आहे की ‘निघा आता’, ते मला अजूनही सांगता येत नाही.

इंग्रजीत ओरडायला मोठी लिपी आहे. १९९५ च्या ऑक्टोबरात इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली निघाली, तिच्यातही बजावलं आहे की सगळं मोठ्या लिपीत लिहिणं म्हणजे ओरडणं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. त्यामुळे आपण उद्गारचिन्हांची रांग लावतो, नाहीतर अवग्रह घालून ‘काऽऽऽय’ असं ताणतो. संस्कृतात लोप पावलेल्या अकाराची जागा दाखवणारं ते शांत चिन्ह आपण किंचाळायला लावलंय. त्याच नियमावलीत आणखी एक सल्ला आहे: भावनेच्या भरात उत्तर द्यायचं असेल तर एक रात्र जाऊ द्या. तो मी आमच्या समूहाच्या दर्शनी भागात मराठीत लिहून ठेवला. स्वतःवर खूश होतो.

शिक्षेचेही प्रकार लोकांनी बरेच काढलेत. मला आवडतो तो अमेरिकेतल्या संपादिका टेरेसा नीलसन हेडन यांनी २००२ च्या सुमारास रूढ केलेला. असभ्य मजकूर काढायचा नाही, त्यातले फक्त स्वर काढून घ्यायचे. इंग्रजीत नुसती व्यंजनं उरली की खडे चावल्यासारखं होतं आणि वाचायचा उत्साहच जातो. मला वाटलं, मराठीत करून पाहावं. ‘मूर्ख माणसा, तुला काही कळतं का’ घेतलं आणि काना-मात्रा-वेलांट्या-अनुस्वार खरवडून काढले. उरलं: ‘मर्ख मणस, तल कह कळत क.’ आपल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ बसलेलाच असतो, तो काही जात नाही, त्यामुळे हे सरळ वाचता येतं. आणि ऐकायला असं लागतं, की दात न आलेलं मूल कुणावर तरी रागावलंय. मी आणि ती त्या दिवशी इतके हसलो की शिक्षा द्यायचं राहूनच गेलं. सर म्हणाले, हे सुरू केलंत तर लोक मुद्दाम शिव्या देतील, आपल्या शिवीचं बाळ कसं दिसतं ते बघायला. पटलं.

सरांचं न्यायशास्त्राचं, म्हणजे वाद कसा करावा हे सांगणाऱ्या जुन्या भारतीय तर्कशास्त्राचं, वाचन आहे. ‘आणि’च्या धुमश्चक्रीनंतर त्यांनी आम्हाला समोर बसवून जुना हिशेब सांगितला. तत्त्व समजून घ्यायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडत जायचं ती वितंडा. आपण ‘वितंडवाद’ म्हणून दोन टोकांची गाठच मारून टाकलीय. वाद हा शब्दच आता भांडणाचा झाला, सत्य शोधायचं असेल तर ‘चर्चा’ म्हणावं लागतं, हे त्यांना फार लागतं. शब्दच्छलाचा त्यांनी सांगितलेला नमुना तर कालचाच वाटावा. कुणी म्हणतो, याच्याकडे नवकंबल आहे, म्हणजे नवी कांबळ. समोरचा म्हणतो, नऊ कुठायत, एकच तर दिसतेय! रोज हेच चालतं आमच्याकडे. पराभवाची म्हणून जी निग्रहस्थानं सांगितली आहेत ती बावीस. त्यातलं ‘अर्थांतर’ म्हणजे आमचं अवांतर. ‘पुनरुक्त’ म्हणजे तोच मजकूर सात ठिकाणी चिकटवणारे. आणि ‘मतानुज्ञा’ म्हणजे आपल्यावरचा दोष न खोडता ‘तुमच्यातही तो आहेच की’ म्हणणं. मी विचारलं, टोमण्याला कितवं स्थान? सर म्हणाले, टोमणा मारणारा हरलेला नसतो, त्याला फक्त तसं वाटत असतं. याचा अर्थ मला नीट कळला नाही, पण वाक्य छान होतं.

त्यानंतर आम्ही नियम पुन्हा लिहिले. आधी चौदा होते, कुणी वाचत नसे. आता चारच केले. तिसरा माझा: ‘टोमणा हा मुद्दा नव्हे.’ पहिले दोन आणि चौथा काय आहेत ते मलाही बघूनच सांगावं लागेल.

त्याच बैठकीत प्रतिसाद काढल्याची सूचना कशी असावी यावर आम्ही तासभर घालवला. तिचं म्हणणं, ‘तुमचा प्रतिसाद आम्ही काढला, कारण…’ असं सरळ लिहावं. कुणी काढला ते दिसू द्यावं. मी म्हटलं, छे, सूचना कशी शांत हवी, अंगावर न येणारी. शेवटी माझा मसुदा कायम झाला: ‘आपला प्रतिसाद चर्चेच्या नियमांत बसत नसल्याने काढण्यात आला आहे.’ कर्ता गायब, ‘आपला’ हजर. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

राखणदाराला शिव्या खाव्या लागतात, त्याचं विशेष नाही. पण दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी ‘तुम्ही त्यांचे’ म्हणावं, याची सवय होत नाही. ज्याचा प्रतिसाद काढला त्याला वाटतं माझाच का, ज्याचा ठेवला त्याला वाटतं समोरच्याचे आणखी चार का नाही काढले. आपण तराजूची दांडी आहोत असं मनाला समजवायचं आणि दोन्ही पारड्यांतून बुक्के खायचे.

मागच्या महिन्यात एका जुन्या सदस्याने लिहिलं, ‘राखणदारांचा कल कुणाकडे आहे हे न समजण्याइतके आम्ही भोळे नाही.’ दिवस वाईट गेला होता. रात्रीचे साडेबारा झाले होते. मी शांतपणे, अगदी शांतपणे लिहिलं, ‘आपल्या सूक्ष्म निरीक्षणशक्तीबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. असेच मार्गदर्शन करीत राहावे.’ ऱ्हस्व-दीर्घ एकदा तपासलं, पाठवलं आणि गाढ झोपलो.

सकाळी फोनवर सूचना होती. आपला प्रतिसाद चर्चेच्या नियमांत बसत नसल्याने काढण्यात आला आहे.

माझं डोकं फिरलं. काढला म्हणून नव्हे. ‘आपला’ काय? ‘काढण्यात आला’ म्हणजे कुणी काढला? समोर येऊन सांगा ना. सर इतक्या लवकर उठत नाहीत, म्हणजे तीच. मी तिला लिहायला घेतलं, ‘आपण कोणत्या नियमान्वये…’ आणि थांबलो. ते खोडलं. ‘कुठल्या नियमात बसत नाही?’ एवढंच पाठवलं.

‘तिसऱ्या,’ तिचं उत्तर आलं. ‘तूच लिहिलायस.’