तुम्ही विचारलंत म्हणून: रेघ यंत्राची, मग तुमचं काय?

मी छापचित्रं करतो. चेहऱ्याची बाहेरची रेघ फोटोवरून उतरवून घेतो हे कळलं की लोक हमखास विचारतात, "मग यात तुमचं काय?" अशा वेळी मी सँ-मेमँची गोष्ट सांगतो. नाव सहसा कुणी ऐकलेलं नसतं.

शार्ल द सँ-मेमँ १७७० साली फ्रान्समधल्या दिजाँचा, सरदार घराण्यातला, पेशानं लष्करी अधिकारी. राज्यक्रांतीत देश सुटला. १७९३ मध्ये बापलेक न्यूयॉर्कला पोचले. पुढं आईच्या मळ्यांकडे, आजच्या हैतीत, जायचं होतं. पण तिथंही बंड पेटलेलं. पोटासाठी काहीतरी करणं भाग होतं, म्हणून हा गृहस्थ पुस्तकं वाचून तांब्यावरचं खोदकाम शिकला.

जोडीला होतं फिजिओनोट्रेस, म्हणजे चेहऱ्याची कड उतरवून घेणारं यंत्र. व्हर्सायचा चेलोवादक क्रेतियँ यानं १७८६ मध्ये काढलेली युक्ती. गिऱ्हाइकानं चौकटीशेजारी एका बाजूला तोंड करून बसायचं. चित्रकार नेम धरून कपाळ, नाक, हनुवटीच्या कडेनं नजर फिरवत जाई, आणि दांड्यांना जोडलेली पेन्सिल तीच कड खऱ्या आकारात कागदावर उमटवी.

यंत्र इथं संपलं. कडेच्या आत कागद कोराच! डोळा, कानाची पाळी, गालाचा उतार, कोटाची कॉलर, सगळं सँ-मेमँ गुलाबी कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूनं भरायचा. मग पँटोग्राफनं (चित्र लहान-मोठं करून उतरवणाऱ्या जोडदांड्यांनी) ते लहान करून तांब्याच्या प्लेटवर, जेमतेम दोन इंची वर्तुळात, पुन्हा पहिल्यापासून खोदायचं.

फिलाडेल्फियात चित्र, प्लेट आणि डझनभर छाप मिळून पुरुषांना २५ डॉलर, बायकांना ३५. (केस आणि लेस जास्त, म्हणून असेल.) १८०४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसनही त्याच्यापुढे बसले. पुढं तो दिजाँला परतला आणि १८१७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८५२ पर्यंत, तिथलं संग्रहालय सांभाळलं.

आता तुमचा प्रश्न. पॅरिसमध्ये केनेदे नावाचा दुसरा एक चित्रकारही याच तऱ्हेच्या यंत्रावर काम करत होता. दोघांची छापचित्रं शेजारी ठेवून बघा. केनेदेची माणसं चटपटीत, आत्ताच खुर्चीतून उठतील अशी. सँ-मेमँची जड, ठाम, जरा अवघडलेली. मला तीच जास्त आवडतात. कुणाची कुठली, हे सही झाकूनही ओळखता येतं. माझी ओळखता आली नाहीत, तर मात्र तुमचा प्रश्न रास्त आहे.