नाकाडाचं पाणी

रोमला उन्हाळ्यात जाऊ नये असं सगळे सांगतात. सांगतात आणि उन्हाळ्यातच जातात. आम्हीही गेलो. लेकीची दहावी झालेली, अकरावीची यादी आज लागते उद्या लागते करत लटकलेली, नवऱ्याला मोठ्या मिनतवारीने बारा दिवसांची रजा मिळालेली. त्या तीन गोष्टी जुळल्या तेव्हा जून संपत आला होता. पुण्यात पाऊस लागलेला, पालख्यांचे दिवस, रस्त्यारस्त्यात टाळ-मृदंग. आणि आम्ही तिघं छत्तीस अंशांत, काळ्या दगडी फरसबंदीवरून तीन बॅगा खडखडत ओढत चाललेलो. या फरसबंदीचे दगड लहान लहान, चौकोनी आणि हट्टी असतात. दिवसभर ऊन पितात आणि रात्री दहा वाजेपर्यंत तळपायातून परत करत राहतात.

मी तयारी केली होती. वही होती. कुठल्या सम्राटाने काय बांधलं, कुठल्या छताखाली किती वेळ मान वर करायची, सगळं टिपलेलं. विमानात लेकीने वही चाळली आणि विचारलं, ''आई, तू सिलॅबस काढलायस?'' तिला घरात आम्ही चिऊ म्हणतो. बाहेर म्हणायची बंदी आहे. रोम हे 'बाहेर' धरायचं का, यावर आमची चर्चा झाली. इथे आपली भाषा कुणाला कळतेय, हा माझा मुद्दा होता. पहिल्याच रांगेत मागून ''अगं, पाण्याची बाटली कुठेय?'' असं अस्सल नाशिककडचं मराठी ऐकू आलं आणि तो मुद्दा निकालात निघाला.

ती रांग कोलोसियमची. तिकिटावर नाव छापलेलं आणि ते पासपोर्टशी ताडून बघतात, त्यामुळे रांग गोगलगाईच्या चालीने सरकते. सावली नाही. मी वहीतून सुरुवात केली, इसवी सन ८०, सम्राट टायटस. शेजारी फक्त 'हं'. पंधरा वर्षांच्या मुलीच्या 'हं'मध्ये किती दरवाजे बंद होऊ शकतात हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. मग तिने एकदम मान वर केली. कमानीवर दगडात कोरलेले रोमन आकडे होते, एल आय आय. ''बावन्न? म्हणजे गेट नंबर?'' हो, गेट नंबरच. खालच्या मजल्याला ८० कमानी, त्यातल्या ७६ वर आकडे. मोठ्या लोकांच्या चार कमानी तेवढ्या बिनआकड्याच्या. ''म्हणजे वानखेडेच की! मोठ्या लोकांना तेव्हाही वेगळं गेट.'' साधारण पन्नास हजार माणसं मावायची, म्हणजे वानखेडेपेक्षा बरीच जास्त, आणि वर कापडाचं भलंमोठं छत ताणायचे. दोऱ्या ओढायला आरमारातले खलाशी ठेवलेले असत. हे ऐकून ती थांबली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, ''दोन हजार वर्षांपूर्वी सावली होती आणि आता नाही?''

वहीत याचं उत्तर नव्हतं.

सावलीसाठी मी छत्री उघडली. आपली साधी, काळी, तीन घड्यांची. ''आई, प्लीज. लोक बघतायत.'' लोक बघत होतेच, पण वेगळ्या कारणाने. रोममध्ये गाइड मंडळी गर्दीत दिसावं म्हणून काहीतरी उंच धरून चालतात. कुणाची छत्री, कुणाची काठीला बांधलेली रिबीन, एकाकडे तर प्लॅस्टिकचं सूर्यफूल होतं. मागे कानात यंत्र घातलेली पंचवीस-तीस माणसं. दिंड्यांच्या पताकाच म्हणायच्या, फक्त विठ्ठल वेगळा आणि अभंगाऐवजी कानात जर्मन नाहीतर कोरियन. तर मी छत्री उघडून निघाले आणि फोरमच्या, म्हणजे जुन्या रोमच्या चौकाच्या, उतारावर मागे वळून पाहिलं, तो टोप्या घातलेले चार वयस्कर गृहस्थ इमानाने माझ्या मागून चाललेले. मी थांबले की थांबायचे. चिऊ लाजेने लाल झाली, मग हसायला लागली. त्या प्रवासातलं तिचं ते पहिलं हसू. ते गृहस्थ आपल्या दिंडीला लागले का, ठाऊक नाही.

पण मला खरं सांगायचंय ते नळाबद्दल.

दुपारी तीनचा सुमार. दोन बाटल्या संपलेल्या, तिसरी तीन युरोंना घेतलेली, आणि प्रत्येक घोटाला माझ्या डोक्यात रुपयांचा हिशोब चाललेला. एका गल्लीच्या तोंडाशी ओतीव लोखंडाचा, छातीइतका उंच एक गोल खांब उभा होता. त्याच्या पोटातून वाकडी नळी बाहेर आलेली आणि तिच्यातून पाणी धो धो नव्हे, पण अखंड, करंगळीएवढ्या धारेने खालच्या जाळीत पडत होतं. मी पहिल्यांदा काय केलं असेल? चावी शोधली. खांबाला पुढून, मागून, बाजूने चाचपडले. कुणीतरी नळ उघडा टाकून गेलंय, तो बंद केला पाहिजे, हे माझ्या हातांना डोक्याच्या आधी कळलं. आमच्या सोसायटीत सकाळी दीड तास पाणी येतं, एप्रिलनंतर टँकर. उघडा नळ बघून मला स्वस्थ बसवत नाही.

''आई, त्याला चावीच नाहीये,'' चिऊ म्हणाली. ''चोवीस तास असंच वाहतं. नासोने म्हणतात. म्हणजे मोठं नाक. नाकाड.'' हे तिला कसं ठाऊक? मोबाइलमधून. सगळ्या नळांचा नकाशा दाखवणारं अॅपच असतं म्हणे. शहरात असे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत, १८७० च्या दशकात बसवायला सुरुवात झाली. ''आणि हे बघ.'' तिने नळीच्या तोंडाशी बोट दाबून धरलं. नळीच्या वाकावर, वरच्या अंगाला एक बारीक भोक होतं, ते तोवर मला दिसलंही नव्हतं. त्यातून पाण्याची कमान उडाली. ओठ लावायला नको, वाकायला नको, ओंजळ नको. मान जरा पुढे केली की पाणी थेट तोंडात. गार. माठातल्या पाण्यासारखं, दातांना न झोंबणारं. ती प्यायली, मी प्यायले. नवऱ्याने बोट जरा जास्तच जोरात दाबलं, तर पाणी चष्म्यावर.

तिथून पुढे आमचं रोम बदललं. वही पिशवीत गेली. सकाळी निघताना चिऊ नकाशा उघडायची आणि एका नाकाडापासून दुसऱ्या नाकाडापर्यंत अशी आमची वाट ठरायची. मध्ये एखादं चर्च लागलं तर लागलं. नळावर माणसं भेटायची. भाजीवाला कोबी धुवून घ्यायचा, कुणी कुत्र्याला पाजायचं, एक आजी रोज सायंकाळी पितळी झारी घेऊन यायच्या. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पाणपोई घालायचे, लाल कापड गुंडाळलेले रांजण, लांब दांड्याचं ओगराळं; त्या रांजणांभोवती जो गारवा असायचा तसा इथे जाणवायचा. आता आपल्याकडच्या पाणपोयांवर बहुतेक ठिकाणी पाण्यापेक्षा नगरसेवकाचा फोटोच ठळक असतो. असो.

वाहून जाणाऱ्या पाण्याची हळहळ मात्र माझ्या मनातून जाईना. दर नळाला मी एकदा तरी ''केवढं वाया जातंय'' म्हणायचे. नवऱ्याने वाचून दाखवलं की पाणी खेळतं राहिलं की टोकाच्या नळ्यांत साचून खराब होत नाही, शिवाय २०१७ च्या दुष्काळात यातले बरेच नळ बंद करायला घेतले होते. म्हणजे चिंता करणारी मी पहिली नव्हे. पहिली तर मुळीच नव्हे. इसवी सन ९७ मध्ये फ्रोन्टिनस नावाचा माणूस रोमचा पाणीप्रमुख झाला. त्याने शहराच्या पाण्यावर अख्खा ग्रंथ लिहिलाय आणि त्यात पाणीचोरांबद्दल पोटतिडकीने तक्रार केली आहे. लोक रस्त्याखालच्या नळांना गुपचूप भोकं पाडतात, परवानगीपेक्षा जाड नळी बसवतात, आणि पाणीखात्याचीच माणसं त्यात सामील असतात. हे मी चिऊला वाचून दाखवलं. ''आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे का तो?'' तिने विचारलं.

व्हॅटिकनचा दिवस वाईट गेला. तिच्या अंगावर आखूड पँट, आणि सेंट पीटरच्या चर्चच्या दारात खांदे-गुडघे झाकलेले लागतात. हे मी आदल्या रात्री सांगितलं होतं. म्हणजे मी सांगितलं होतं, एवढंच. मी पिशवीतून ओढणी काढली. बांधणीची, पिवळी. ती कमरेला गुंडाळण्यापेक्षा आपण बाहेर थांबू, असं तिचं म्हणणं. भर चौकात, शेकडो लोकांच्या रांगेत आम्ही दोघी एकमेकींशी दात ओठ खाऊन हळू आवाजात भांडलो. मराठीत हळू आवाजात भांडणं फार अवघड. शेवटी तिने ओढणी लुंगीसारखी गुंडाळली आणि पुढचे दोन तास माझ्याशी बोलली नाही. त्याआधी संग्रहालयातून सिस्टिन चॅपेलपर्यंत आम्हाला गर्दीनेच नेलं होतं. दर्शनबारीसारखं, पाय उचलायचे आणि पुढे कुठे पडतील तिथे पडू द्यायचे. मायकलएंजेलो १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं वर हात करून ज्या छताखाली चित्रं रंगवत उभा राहिला, तिथे आम्हाला जेमतेम बारा मिनिटं मिळाली. त्यातही दर मिनिटाला एक रखवालदार ओरडायचा, ''सिलेन्त्सिओ! नो फोटो!'' सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

बाहेर आल्यावर पहिल्या नाकाडाखाली चिऊने ती ओढणी भिजवली, पिळली आणि डोक्याला बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ''तुझीही देऊ का भिजवून?'' माझ्याकडे दुसरी नव्हती. तिने फाडून अर्धी करावी असं मला वाटलं आणि बांधणी आहे हे आठवून मी गप्प बसले.

जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही. मांस नको म्हटलं की पिझ्झा. पण तो वजनावर मिळतो, हे आवडलं. दुकानदार लांबलचक पिझ्झ्यावर सुरी टेकवून विचारतो, एवढा? जरा पुढे? मग कात्रीने कापून तराजूत टाकतो. पाव किलो पिझ्झा मागताना मला उगाच मंडईत असल्यासारखं वाटलं. ''थोडा वर घाल'' म्हणणार होते.

स्पॅनिश स्टेप्सवर मात्र मी दुखावले. शंभराहून जास्त रुंद, देखण्या पायऱ्या, घाटासारख्या उतरत आलेल्या. देवदर्शन झालं की पायरीवर क्षणभर टेकायचं, हे आमच्या आईने अंगात मुरवलेलं. मी टेकले, तोच शिट्टी. पोलीस. २०१९ पासून इथे बसायला बंदी आहे आणि दंड शेकड्यांत, युरोंच्या. बसायचं नाही तर पायऱ्या कशाला? चिऊ म्हणाली, ''आई, इतके लोक बसले तर माणसं दिसतील, पायऱ्या दिसणार नाहीत.'' बरोबरच होतं. तरी मला पटलं नाही.

ती स्वतःहून कुठे रमली म्हणाल तर लार्गो आर्जेन्तिनाला. रस्त्याच्या पातळीखाली खड्ड्यात चार देवळांचे अवशेष, आणि त्याच आवारात इसवी सनापूर्वी ४४ साली ज्युलियस सीझरचा खून झाला. आता तिथे मांजरं राहतात. मोडक्या खांबांवर, पायऱ्यांवर, प्रत्येक सावलीत एक. चिऊ पाऊण तास कठड्याला लटकून होती. सीझरचे फोटो शून्य, मांजरांचे चाळीस. आदल्या रात्रीच जुलै लागला होता. ज्या महिन्यात आपण भाजून निघतोय त्याला या सीझरचंच नाव आहे, हे मी सांगितलं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, ''तरीच मारलं त्याला.''

ट्रेव्हीचं कारंजं शेवटच्या संध्याकाळी. कठड्याच्या आत एका वेळी ४०० जणांनाच सोडतात, त्यामुळे रांग भलतीच लांब. आम्ही वरूनच बघायचं ठरवलं. वही मी परत काढली होती. एवढं एक पान तरी. कारंजं पूर्ण झालं १७६२ मध्ये, पण पाणी येतं ते अॅग्रिपा या रोमन सेनापतीने इसवी सनापूर्वी १९ साली बांधलेल्या कालव्याच्या वाटेने, जवळपास २० किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून. त्याला व्हर्गो म्हणतात, कुमारी. मला कात्रज आठवला. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी असंच भुयारातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत खेळवलं, तेही साधारण याच सुमारास, अठराव्या शतकाच्या मध्याला. आणि कुमारी का, तर थकलेले, तहानलेले सैनिक पाणी शोधत हिंडत होते, त्यांना एका पोरीने झरा दाखवला. कारंज्याच्या भिंतीवर उजवीकडे वर ती कोरलेली आहे, बोट दाखवत उभी.

''दिसली का गं?'' मी म्हटलं. उत्तर आलं नाही. शेजारी एक स्पॅनिश जोडपं पाठमोरं उभं राहून नाणी फेकत होतं. नवरा म्हणाला, ''मला सांग. ती गेली.''

मी त्याला सगळं परत सांगितलं, कात्रजसकट. तो माणूस ऐकून घेणारा आहे. एवढ्यात गर्दीतून कोपरं मारत चिऊ आली. तिन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या, बाहेरून दव धरलेल्या. ''मागच्या गल्लीत होता एक,'' ती म्हणाली. ''पी लवकर. आणि आई, इथे चिऊ म्हणून हाक मारत होतीस ना? पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.''