न्यूअर्कच्या लीगल नॉनप्रॉफिटमध्ये इनटेकची नोकरी, माझा अनुभव

आधीच सांगते, मी वकील नाही. बीकॉम झालं, मग पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा सहकारी बँकेत काउंटरवर बसले, लग्नानंतर एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर, न्यू जर्सीत एडिसनला आले, नवऱ्याचं आय-140, म्हणजे कंपनीने ग्रीनकार्डसाठी भरलेला अर्ज, अप्रूव्ह झालं तेव्हा कुठे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात पडलं. इथल्या बँकांमध्ये अर्ज टाकून टाकून वैताग आला होता, उत्तरच येत नाही कुणाचं, आणि अशात आयडियलिस्ट या नॉनप्रॉफिट नोकऱ्यांच्या साइटवर ही जाहिरात दिसली: क्लायंट इनटेक स्पेशालिस्ट, न्यूअर्क, इमिग्रंट लोकांना फुकटात वकील देणारी संस्था, हिंदी हवीच आणि सोबत गुजराती किंवा पंजाबी असेल तर उत्तम. गुजराती मला शेजारच्या मासी आणि ओक ट्री रोडवरची दुकानं यांच्या कृपेने बऱ्यापैकी यायला लागली होती. पगाराची रेंज पण लिहिलेली होती, न्यू जर्सीत जून 2025 पासून तो कायदाच आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत रेंज द्यावीच लागते. आयटीवाल्यांनी ती रेंज बघू नका, उगाच हसाल.

इनटेक म्हणजे काय ते थोडक्यात. इथे क्रिमिनल केसमध्ये पैसे नसतील तर सरकार वकील देतं पण इमिग्रेशन कोर्ट सिव्हिल धरतात, तिथे वकील करायचा तर स्वतःच्या खर्चाने, नाहीतर न्यायाधीशासमोर एकट्याने उभं राहायचं, समोर सरकारचा वकील असतोच. म्हणून लोक अशा संस्थांना फोन करतात आणि तो फोन जी व्यक्ती उचलते ती इनटेक. नाव, ए-नंबर (इमिग्रेशनच्या फाइलचा नंबर), अमेरिकेत कधी आलात, कोर्टाची तारीख आहे का, घरात माणसं किती, उत्पन्न किती, हे सगळं विचारून नीट लिहून वकिलांपुढे ठेवायचं. फुकट मदतीसाठी उत्पन्नाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी फेडरल पॉव्हर्टी गाइडलाइनच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या, दुप्पट असते, म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाला 2025 च्या आकड्याने 64,300 डॉलर. आपल्या व्हॉट्सअप ग्रुपांवर सगळ्यांना ईबी-2 ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख, तोंडपाठ असते पण नोटीस टू अपिअर, म्हणजे देशाबाहेर काढण्याच्या केसची नोटीस, काय असते ते कुणालाच माहीत नसतं, मलाही नव्हतं, हे जगच वेगळं आहे.

अर्ज करण्याआधी मी एक केलं ते फार उपयोगी पडलं, ते म्हणजे एका लायब्ररीत शनिवारी सिटिझनशिपचे फॉर्म भरून देतात तिथे व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. एन-400 चा फॉर्म, मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, देशाबाहेर कधी गेलात कधी आलात त्या सगळ्या तारखा. समोर बहुतेक गुजराती काका-काकी. पासपोर्टवरचे शिक्के चष्मा वर करून वाचायचे आणि मग काकी म्हणणार, ते तर भाचीच्या लग्नाला गेलो होतो, ते पण लिहायचं? हो काकी, ते पण. आणि जन्मतारखा! निम्म्या लोकांची 1 जून. मी हसले तर काकांना वाटलं काहीतरी चुकलं, मग त्यांना सांगितलं की आमच्याकडे पण गुरुजींनी सगळ्या गावाला एकच वाढदिवस दिलाय. वय 50 आणि ग्रीनकार्डला 20 वर्षं, किंवा 55 आणि 15 वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ असते, सिव्हिक्सच्या, म्हणजे इथल्या इतिहास-राज्यकारभाराच्या, प्रश्नांची उत्तरं आपल्या भाषेत देता येतात, हे कित्येकांना माहीतच नसतं आणि इंग्रजीच्या भीतीने वर्षानुवर्षं अर्ज करत नाहीत. तिथल्या वकीलबाईंनी माझं काम बघितलेलं होतं, रेफरन्ससाठी त्याच कामाला आल्या.

कव्हर लेटरवर घरात वाद झाला. नवऱ्याने जे लिहून दिलं त्यात पॅशनेट हा शब्द इतक्यांदा होता की मलाच लाज वाटली. मी ते बाजूला ठेवलं आणि नोटाबंदीबद्दल लिहिलं. म्हणजे झालं असं होतं की 8 नोव्हेंबर 2016 ला घोषणा झाली आणि 14 तारखेला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच बंदी केली, आणि आमचे सगळे खातेदार शेतकरी, ऊसवाले, दूधवाले, दुसरीकडे खातंच नाही. सकाळपासून रांग, आणि काउंटरच्या अलीकडे मी, प्रत्येकाला नाही सांगायला. नुसतं नाही म्हणून चालायचं नाही, कुणाला पोस्टात पाठवायचं, कुणाला तालुक्याच्या स्टेट बँकेत, जाताना कुठला कागद न्यायचा ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, म्हाताऱ्या माणसाला दोन फेऱ्या पडायला नकोत. लोक शिव्या पण द्यायचे. हे सगळं अर्ध्या पानात लिहिलं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, अगं नोकरीच्या अर्जात रांगेचं काय लिहितेस, डिग्रीचं लिही. पण पॅनेलवर मला पहिला प्रश्न त्या रांगेचाच आला.

पहिला कॉल एचआरचा, त्यात विशेष काही नव्हतं. वर्क ऑथोरायझेशन आहे का एवढंच विचारलं, हो म्हटलं. ईएडीवाल्यांसाठी एक सांगून ठेवते, 30 ऑक्टोबर 2025 पासून भरलेल्या रिन्यूअलला पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे कार्ड संपायच्या सहा महिने आधीच अर्ज टाका, नाहीतर मिळालेली नोकरी मध्येच थांबवायची वेळ येते.

मग भाषेची टेस्ट, फोनवर. इंग्रजी वाक्य ऐकायचं आणि हिंदीत सांगायचं, मग उलट. माझी हिंदी पिक्चरची, त्यात शपथपत्र, सुनवाई, जमानत असले शब्द पटकन येईनात म्हणून आधी वही करून पाठ केले होते. गुजरातीला मी स्वतःच सांगितलं की बोलते, समजतं, पण वाचता येत नाही. उगाच फ्लुएंट लिहू नका, तिकडे कुणाची तरी केस असते.

खरी परीक्षा मॉक इनटेकची. संस्थेतल्या एक बाई क्लायंट झाल्या, दुसऱ्या एक वकील गप्प बसून लिहीत होत्या. क्लायंट पहिल्या सेकंदापासून रडत सुरू, नवरा मारतो, पासपोर्ट त्याच्याकडे, कोर्टातनं काहीतरी कागद आलाय, दीदी मैं जीत जाऊँगी ना. आता अशा वेळी माणूस ऐकत बसतो किंवा धीर देतो, पण इथे आधी दोन-तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. मी म्हटलं, दीदी एक मिनिट, आत्ता बोलायला सेफ आहे का, तो घरात आहे का, या नंबरवर परत फोन केला, मेसेज ठेवला तर चालेल का. मग तिचं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव, कारण संस्थेने आधी त्या नवऱ्यालाच सल्ला दिलेला असेल तर हिची केस घेता येत नाही, ते तपासल्याशिवाय हकीकत ऐकायचीच नाही. हे मला लायब्ररीतल्या वकीलबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर सुचलं नसतं. मग कोर्टाचा कागद, त्यावरचा ए-नंबर आणि तारीख. मग अमेरिकेत कधी आलीस, कारण असायलमचा, म्हणजे मायदेशी जीवाला धोका म्हणून इथे आश्रय मागायचा, अर्ज अमेरिकेत आल्यापासून एका वर्षात करावा लागतो, अपवाद आहेत पण ते वकिलांनी बघायचे. तिने अकरा महिने सांगितले. मी ते कागदावर मोठ्ठं लिहून गोल केलं, आणि समोर लिहीत बसलेल्या वकीलबाईंनी मान वर करून बघितलं.

आणि जिंकेन का, याला उत्तर द्यायचं नाही. मी म्हटलं, दीदी मी वकील नाही, यावर मी काही सांगितलं तर ते तुमच्यासाठीच वाईट, पण तुमची कोर्टाची तारीख आणि हे अकरा महिने मी आजच वकिलांपुढे ठेवते. वकील नसताना कायद्याचा सल्ला देणं इथे गुन्हा ठरू शकतो, आणि असे सल्ले देऊन लोकांकडून हजारो डॉलर घेणारे गल्लोगल्ली आहेत.

त्यानंतर लेखी काम, त्याच कॉलचा एका पानाचा सारांश. त्यात माझं मत एकही नको, ती खरी वाटते, बिचारी वगैरे काही नाही, ती काय म्हणाली आणि कागदावर काय आहे ते वेगवेगळं लिहायचं. केवायसी केलेल्या माणसाला हे सोपं जातं. नावाचं पण तसंच, पासपोर्टवर एकच नाव असेल तर इथल्या कागदांवर पुढे एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) लागतं, म्हणजे फाइल त्या नावाने शोधावी लागते, ते मी टीपेत लिहिलं.

पॅनेलमध्ये तिघं होते. त्या रांगेवर बराच वेळ बोललो. मग एकाने विचारलं, इथे दहा फोनमधल्या बहुतेकांना आम्ही केस घेऊ शकत नाही असंच सांगावं लागतं, ते जमेल का. मी म्हटलं जमेल, पण मला दुसऱ्या संस्थांची यादी अपडेटेड लागेल, बंद पडलेल्या नंबरवर माणूस पाठवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा नाही म्हणणं. ते एकमेकांकडे बघून हसले, बहुतेक यादी जुनी असणार. रोज असलं ऐकून घरी गेल्यावर काय करता, हे पण विचारतात, त्याला मी म्हटलं पोळ्या करते. खरंच करते, हात कामात असले की डोकं शांत होतं.

ऑफर आल्यावर पगारावर थोडी घासाघीस केली, बेसिक हलला नाही पण दोन भाषांसाठी वेगळा भत्ता मिळाला, तो मागितल्याशिवाय देत नाहीत. आय-9 ला, म्हणजे कामाचा हक्क तपासायच्या फॉर्मला, नुसतं ईएडी कार्ड पुरतं, एचआरने आणखी कागद मागितले तर तो नियम त्यांना दाखवा.

आता काही दिवस मेट्रोपार्कवरनं ट्रेनने न्यूअर्क पेन स्टेशन, बाकी दिवस घरून. पहिले काही दिवस फक्त दुसऱ्यांचे कॉल ऐकायला बसवलं. संस्थेच्या यादीतले नंबर मीच एकेक फिरवून बघतेय, निम्मे तपासून झालेत. पुढे जस्टिस डिपार्टमेंटचं अॅक्रेडिटेशन करायचा विचार आहे, ते मिळालं की वकील नसतानाही मान्यताप्राप्त संस्थेमार्फत लोकांच्या केसेस यूएससीआयएसपुढे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्यापुढे, मांडता येतात. अर्ज संस्थाच करते, आपण फक्त ट्रेनिंग घेऊन सर्टिफिकेटं जमवायची. पंजाबीचा क्लास पण लावलाय.