तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन आहे, तरी स्लाइड कशाला?

"मॅडम, आता रक्ताची तपासणी सगळी मशीनवरच होते ना? मग पोरांना तासन्‌तास मायक्रोस्कोपपुढे का बसवता?" चतुर्थीला घरी आलेले पाहुणे हे विचारतात, आमच्या लॅबमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे पालकही विचारतात. उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही. म्हणून लिहायला बसले.

सेल काउंटर चांगलंच मशीन आहे. मिनिटाभरात रक्तातल्या पेशी मोजून देतं, आणि आम्हीही रोज त्याच्यावरच काम करतो. पण पावसाळ्यात ताप आला की गोव्यात जो तो आधी प्लेटलेट विचारतो. असाच एका बाईंचा आकडा आला २२ हजार. घरच्यांनी रक्तासाठी फोनाफोनी सुरू केली. आमच्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने स्मिअर काढला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरला, आणि थर जिथे पातळ होत संपतो ती शेपटाकडची बाजू मायक्रोस्कोपखाली बघितली. तिथे प्लेटलेटचे झुपकेच्या झुपके होते. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये ईडीटीए हे रसायन असतं, त्यामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीन त्या झुपक्यांना प्लेटलेट म्हणून धरत नाही. सायट्रेट या गोठू न देणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं. त्या ट्यूबमधल्या द्रावणाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणायचा. बाईंच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर निघाल्या.

सत्तरीतून, पेडण्यातून मुलं येतात. पहिल्या दिवशी डोळा लावतात आणि म्हणतात, "मॅडम, म्हाका कांयच दिसना." खरंच दिसत नाही. दिसायला लागायला आधी हात बसावा लागतो. दुसरी स्लाइड तिरकी धरून थेंब एका दमात ओढायचा, मध्ये थांबायचं नाही; हा पातळ स्मिअर. जाड स्मिअर, म्हणजे न ओढता थोडाच पसरलेला थेंब, केला की मी ती स्लाइड कालच्या वर्तमानपत्रावर ठेवायला सांगते. थेंबातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली तर जाडी बरोबर. पातळ स्मिअर मिथेनॉलने फिक्स करायचा, म्हणजे काचेवर पक्का बसवायचा, जाड मुळीच नाही, कारण जाड थेंबातल्या लाल पेशी पाण्याने फुटून गेल्या तरच आतले मलेरियाचे परजीवी उघडे पडतात.

आणि आपली हवा! जून ते सप्टेंबर मिथेनॉल ओलावा ओढतं. मग लाल पेशींवर चकाकणारे गोल डाग उमटतात आणि नवी मुलं त्यांनाच परजीवी समजतात. आम्ही लहान बाटल्या भरून घट्ट झाकून ठेवतो, स्मिअर वाळला की लगेच फिक्स करतो. लेन्सला बुरशी धरू नये म्हणून मायक्रोस्कोपच्या कपाटात दिवसरात्र बल्ब चालू असतो.

पण मुलांना मी बसवते ते खरं मलेरियासाठी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरिया पसरला होता. बांधकामाच्या पाण्यात, विहिरींत, टाक्यांत वाढणारा ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा डास त्याला कारण. आता गोव्यात रुग्ण फार थोडे सापडतात, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त शिकवण्यापुरती अडचण होते. मुलं महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह स्लाइड बघतच नाहीत, आणि न बघितलेली गोष्ट डोळ्यांना सापडत नाही.

शिकत असताना माझ्या हातून चूक झाली होती. एका गवंड्याची स्लाइड होती. जेवायची सुट्टी जवळ आली होती. पंचवीस-तीस फील्ड (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्या आणि 'निगेटिव्ह' लिहिलं. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब घालून वापरायच्या लेन्सखाली, जाड स्मिअरच्या किमान १०० फील्ड बघितल्याशिवाय तो शब्द लिहायचा नसतो, हे मला शिकवलेलं होतं. तीन दिवसांनी तो परत आला तो शुद्ध हरपत चाललेल्या अवस्थेत. आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी माझीच जुनी स्लाइड काढून लावली. साठाव्या फील्डच्या पुढे रिंगा होत्या, म्हणजे अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी. फाल्सिपॅरम, मलेरियाचा जीवघेणा प्रकार. तो वाचला. त्या मला ओरडल्या नाहीत, नुसती खुर्ची माझ्यासमोर सरकवली आणि उरलेल्या फील्ड मोजायला लावल्या.

तेव्हापासून मिळेल ती पॉझिटिव्ह स्लाइड मी मागून घेते, रुग्णाचं नाव पुसते, वर डीपीएक्स हा चिकट द्रव लावून कव्हरस्लिप (पातळ काच) बसवते आणि लाकडी पेटीत ठेवते. दर बॅचला निगेटिव्ह स्लाइडांच्या ढिगात त्यातली एक, परजीवी अगदी विरळ असलेली, न सांगता मिसळते.

गेल्या महिन्यात एका मुलाच्या हातात ती आली. ऐंशीव्या फील्डच्या आसपास त्याचा हात थांबला. मी बघितलं, रिंगच होती.

"मलेरिया कुठला?" मी विचारलं.

"आत्ताच नाही सांगत, मॅडम. जाड स्मिअरमध्ये लाल पेशीच उरलेली नाही, ती मोठी झाली होती की नाही कसं कळणार? शुफ्नरचे ठिपके पण नीट दिसत नाहीत. पातळ बघतो."

व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, असेल तर लाल पेशी मोठी होते आणि तिच्यावर ते शुफ्नरचे ठिपके येतात; तो यकृतात लपून राहतो, म्हणून १४ दिवस प्रिमाक्विन हे औषध. फाल्सिपॅरमचे उपचार वेगळे, आणि तिथे दिवसही वाया घालवता येत नाही. हे त्याला ठाऊक होतं. त्याने लेन्सवरचं तेल पुसलं आणि त्याच रुग्णाची पातळ स्मिअरची स्लाइड पेटीतून मागून घेतली. बाहेर बाकीची मुलं डबे उघडून बसली होती.